बोलेरोचे पाटे बसलेत, सगळं नवं टाकू का?

प्रश्न : माझी २०१० ची बोलेरो आहे. हंगामात मागची बाकं काढून टोमॅटोची क्रेट नारायणगावच्या बाजारात नेतो. आता गाडी रिकामी असली तरी मागून बसलेली दिसते, डावीकडे जरा जास्तच. एका वर्कशॉपने पाटे (पोलादी पट्ट्यांच्या मागच्या स्प्रिंगा) आणि शॉकअप दोन्ही नवे टाकायला सांगून १८ हजारांचा अंदाज दिला. गावातला फिटर म्हणतो, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लांब करून देतो, हजारभरात गाडी उचलेल. कुणाचं ऐकू? (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. आधी गाडीखाली शिरा.

शॉकअप बदलून गाडी वर येणार नाही, हे पहिलं. तुमच्या गाडीचं वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचं काम गाडीची उसळी थांबवायचं. तेल गळत नसेल आणि खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत नसेल, तर जुनेच राहू द्या.

सपाट फरशीवर रिकामी गाडी लावा. मागच्या चाकाच्या मधोमध टेप धरा आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने माप फसतं. डाव्या-उजव्यात बोटाच्या रुंदीहून जास्त फरक आला, तर डावीकडचा एखादा पाटा तुटलाय असं धरून चाला.

एसटीच्या कार्यशाळेत माझी बरीच वर्षं पाट्यांखाली गेली. तुटका पाटा लांबून दिसत नाही, चिखल त्याला झाकून ठेवतो. तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च आडवा धरा. काळ्या लोखंडावर केसासारखी तांबूस रेघ दिसली, की ती तडच. आत पाणी गेलेलं असतं, तो गंज बाहेर झिरपतो. मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि क्लिपांच्या खाली नीट बघा. खाली जाताना चासीला घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय जाऊ नका. नुसत्या जॅकवर गाडी सोडून खाली झोपणारे मी पाहिलेत, त्यातल्या एकाचा हात अजून सरळ होत नाही.

तड सापडली तर तेवढाच पाटा बदला. जुन्या बाजारात त्याच मापाचा मिळतो. तड नसेल आणि पाटे नुसते थकले असतील, तर खोलून पाटेवाल्याकडे न्या आणि थंडच ठोकून बाक द्यायला सांगा. भट्टीत लाल करून वाकवणाऱ्याला हात जोडा. पोलाद तापवलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. मग तेलात विझवून परत बेताचा ताव द्यावा लागतो, आणि ते रस्त्याकडेच्या भट्टीत नीट होत नाही. असा पाटा चार दिवस दिमाखात उभा राहतो आणि पहिल्या भरल्या खेपेला पुन्हा झोपतो.

एक अट मात्र आहे. तुमचे पाटे पातळ पातळ, एकावर एक रचलेले असतील तरच ही युक्ती चालते. मध्ये जाड, टोकाला निमुळते आणि मोजून दोन-तीनच असतील, तर ठोकाठोकी नको, दोन्ही बाजूंची जोडी नवी घ्या.

क्रेटचा हिशेब करा. २० किलोचं एक, म्हणजे २० क्रेटचे ४०० किलो झाले, चालवणारा आणि हमाल वेगळे. एवढं नेहमीचंच असेल तर दोन्हीकडे एकेक जादा पाटा घाला, पण एकच. दोन-तीन घातले की रिकामी गाडी बैलगाडीसारखी दणके देते. शिवाय पाटे वाढले म्हणून अॅक्सल, टायर आणि ब्रेक वाढत नाहीत.

लांब शॅकल? गाडी दिसायला वर येते, थकलेला पाटा थकलेलाच राहतो. वर अॅक्सलचा कोन फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) घरघरू लागतात. तो हजार रुपया पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि पाट्यांच्या टोकांच्या रबरी बुशांवर घाला. यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात, पाटे खोलले की नवेच लावायचे. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. लटकत्या अॅक्सलवर आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

खरं सांगायचं तर थंड ठोकलेले पाटे नव्यासारखे टिकत नाहीत. दोन हंगाम निघाले तर पैसे वसूल. आणि काम झाल्यावर हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून घ्या. मागून बसल्यामुळे इतके दिवस तो वर लागत होता, समोरच्यांनी तुम्हाला बऱ्याच शिव्या घातल्या असणार.

प्रश्न : जुन्या स्कॉर्पिओच्या मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्या गाडीला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. त्यांना ठोकून बाक देता येत नाही. बफर अडकवला की तेवढे वेढे दबायचे थांबतात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. लग्नसराईपुरता चालेल. गाडी ठेवायची असेल तर दोन्ही स्प्रिंग एकदमच बदला, एकच बदलली तर गाडी तिरकी उभी राहील.