जुन्या व्हिडिओ गेममधलं सगळं संगीत स्वतः काढून संच पूर्ण कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की काँट्रा, मारिओ आणि प्लेस्टेशनवरच्या काही खेळांचं संगीत गोळा करताय. ऑनलाइन मिळालेल्या फायलींत कुठे गोळ्यांचे आवाज मिसळलेत, कुठे गाणं मध्येच तुटतं, काही तुकडे तर सापडतच नाहीत. मग गेम लावून सरळ रेकॉर्डच करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

रेकॉर्डिंगच्या वाटेला जाऊ नका. मी जाऊन आलोय. कॉलेजात असताना टीव्ही गेमच्या ऑडिओ आउटला वायर लावली, दुसरं टोक कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात खुपसलं आणि बहिणीला कंट्रोलर देऊन बजावलं, "जंगलात नुसती उभी राहा, गोळी झाडायची नाही." पण काँट्रात नुसतं उभं राहताच येत नाही, उजवीकडून माणसं धावत येतच राहतात. तिला उड्या माराव्या लागायच्या, ती मरायची, मरण्याचा आवाज नेमका सुरावटीवर पडायचा. एक टेक कसाबसा बरा आला, तर त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत विजेची घुरघुर. ती फाइल अजून आहे माझ्याकडे, ऐकवत नाही.

खरी अडचण घुरघुरीची नव्हती. फॅमिकॉमच्या (आपण ज्याला टीव्ही गेम म्हणायचो तो बहुतेक याचीच नक्कल) आवाजाच्या चिपमध्ये एकूण पाच आवाज आहेत: दोन पल्स, एक त्रिकोणी लहरीचा, एक नॉइज आणि एक छोटे नमुने वाजवणारा. संगीतालाही हेच पाच आणि गोळ्या, उड्या, स्फोटांनाही हेच पाच. गोळी झाडली की एखादा आवाज संगीताकडून काढून घेतला जातो आणि तेवढ्या वेळापुरती त्यावरची सुरावट गप्प होते. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये गोळीचा आवाज सुरावटीच्या *वर* बसलेला नसतो, तिच्या *जागी* बसलेला असतो. नंतर कितीही साफसफाई करा, जे वाजलंच नाही ते कुठून आणणार?

म्हणून आवाजाऐवजी तो आवाज काढणारा कार्यक्रमच उचलायचा. टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटमध्ये गाण्यांचं ध्वनिमुद्रण असं काही नसायचंच. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) हा अख्खा खेळ, चित्रं आणि संगीत धरून, ४० किलोबाइटचा आहे. कोजी कोंडो यांच्या चाली त्यात सूचनांच्या रूपात आहेत: अमुक आवाजावर अमुक स्वर, इतका वेळ. एनएसएफ फाइल म्हणजे खेळातला हा संगीताचा भाग तेवढा कापून काढलेला. ती एनएसएफप्ले या प्लेअरमध्ये उघडली की खेळाविना फक्त संगीत वाजतं, गोळ्या नाहीत की उड्या नाहीत.

एनएसएफमध्ये गाण्यांना सहसा फक्त क्रमांक असतात, नावं नाहीत, लांबीही नाही. गाणं लूपमध्ये आहे, संपतच नाही. रिवाज असा की दोन फेऱ्या वाजू द्यायच्या आणि मग दहाएक सेकंदांत आवाज मावळू द्यायचा. एनएसएफई या सुधारित प्रकारात नावं आणि वेळा लिहायची सोय आहे, मिळाली तर तीच घ्या.

आता "पूर्ण" कशाला म्हणायचं? लोक गाण्यांची यादी बघून क्रमांक मोजतात आणि संपलं म्हणतात. मी उलटीकडून जातो. खेळ एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळायचा आणि जिथे जिथे संगीत बदललं ते वहीत लिहायचं. हे कंटाळवाणं आहे, पण निसटलेले तुकडे असेच सापडतात. मारिओत घड्याळ १०० च्या खाली गेलं की एक छोटी धून वाजते आणि चालू असलेली चाल वेगात सुरू होते. ही "घाई"ची रूपं जमिनीवरची वेगळी, पाण्यातली वेगळी, भुयारातली वेगळी, आणि गोळा केलेल्या संचांत हमखास गाळलेली असतात. उलटही घडतं. काँट्रात पहिल्या जंगलाचंच गाणं सातव्या, हँगरच्या टप्प्यात परत येतं. तिथे वेगळी फाइल शोधत बसलात तर आयुष्य जाईल.

वहीतल्या एखाद्या जागेचं गाणं कुठल्या क्रमांकाचं हे कळत नसेल तर मेसेन हा इम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुनं मशीन हुबेहूब चालवणारा कार्यक्रम) घ्या, त्यात मेमरी बघायची खिडकी आहे. गाणं बदलतं त्या क्षणी मेमरीतला एखादा बाइट बदलतो, बहुधा तोच गाण्याचा क्रमांक. तीन-चार ठिकाणी ताडून पाहिलं की खात्री पटते. मग त्या बाइटमध्ये हातानेच पुढचे क्रमांक भरून बघा. कधीकधी खेळात कुठेच न वापरलेली चाल अचानक वाजते. त्या क्षणाची मजा वेगळीच.

सुपर निन्टेंडोचं (जपानात १९९०) प्रकरण वेगळं आहे. त्यात आवाजासाठी स्वतंत्र प्रोसेसर आहे, सोनीचा, केन कुतारागी यांनी घडवलेला. तेच पुढे प्लेस्टेशनचे जनक. या प्रोसेसरला स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी. वाद्यांचे नमुने, चाली, वाजवणारा कार्यक्रम, सगळं त्यात कोंबायचं. नमुने दाबून बसवले, तरी पूर्ण दर्जाने तेवढ्या जागेत जेमतेम साडेतीन सेकंदांचा आवाज मावतो. त्या साडेतीन सेकंदांतून त्या लोकांनी अख्खे ऑर्केस्ट्रा उभे केले.

संग्राहकाला मात्र यात फायदा आहे. ती ६४ किलोबाइट मेमरी आणि चिपच्या रजिस्टरांचा (चिपच्या आतल्या छोट्या नोंदखान्यांचा) त्या क्षणीचा फोटो काढला की झाली एसपीसी फाइल. जवळपास प्रत्येक गाणं ६५ केबीच्या आसपास. ऑनलाइन आरएसएन नावाने मिळतं ते म्हणजे एसपीसी फायलींचं आरएआर गाठोडं, नाव बदललेलं. फोटो काढायची वेळ तेवढी महत्त्वाची: नवं गाणं मेमरीत उतरल्यावर आणि पहिला स्वर वाजण्याआधी. सेकंदभर उशीर झाला तर गाणं मधूनच सुरू होतं. तुम्हाला मिळालेली तुटकी गाणी ही बहुतेक अशीच. आणि जिथे खेळ चालू असतानाच कॅसेटमधून आवाजाचे तुकडे मेमरीत ओतले जातात, तिथे फोटोने काम भागत नाही. टेल्स ऑफ फँटेशियाच्या (१९९५) सुरुवातीला चक्क गायलेलं गाणं आहे, ते असंच ओतलेलं. अशांसाठी एसएनएसएफ हा प्रकार आहे, त्यात खेळाचा लागणारा भागही सोबत येतो.

सेगा मेगा ड्राइव्हचं थोडक्यात: तिथे व्हीजीएम. चिपला कुठल्या क्षणी कोणती सूचना गेली याची ती नोंदवही असते. फारशी डोकेदुखी नाही.

प्लेस्टेशनकडे जरा सावकाश येऊ, कारण तुमचे अर्धे तुकडे तिथेच अडकलेत असं दिसतंय. तिथे एकाच डिस्कवर संगीत तीन रूपांत असू शकतं.

पहिलं, सरळ ऑडिओ सीडीसारखे ट्रॅक. डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये घाला, पहिला ट्रॅक डेटाचा, तो सोडा, दुसऱ्यापासून गाणी. रिज रेसर तर सुरू झाला की अख्खा मेमरीत बसायचा, मग गेमची डिस्क काढून आपल्या आवडीची गाण्यांची सीडी घातली की गाडी तिच्यावर पळायची.

दुसरं रूप सिक्वेन्सचं, म्हणजे पुन्हा सूचना आणि वाद्यांचे नमुने. आवाजाची मेमरी ५१२ किलोबाइट, एकाच वेळी आवाज २४. फायनल फँटसी ७ चं (१९९७) संगीत असंच आहे. यासाठी पीएसएफ, २००३ च्या सुमारास नील कॉर्लेट यांनी आणलेला प्रकार. मिनीपीएसएफ फायली उतरवल्या आणि वाजत नाहीत, अशी तक्रार कायम ऐकू येते. शेजारी पीएसएफलिब फाइल आहे का बघा. वाद्यं आणि वाजवणारा कार्यक्रम तिच्यात असतो, मिनीमध्ये फक्त चाल. नीटनेटकेपणाच्या नादात मीच एकदा सगळ्या लिब फायली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या आणि दोन दिवस प्लेअरला शिव्या घालत बसलो होतो. व्हीजीएमट्रान्स या कार्यक्रमाने हेच सिक्वेन्स मिडीतही (फक्त स्वरांच्या सूचना ठेवणाऱ्या सर्वसाधारण फाइलमध्ये) काढता येतात. चाल अभ्यासायला उत्तम, पण संचात ठेवू नका. प्लेस्टेशनचा घुमारा त्यात येत नाही, आणि घुमाऱ्याशिवाय ते संगीत उघडं पडतं.

तिसरं रूप एक्सए, म्हणजे डिस्कवरच दाबून ठेवलेलं ध्वनिमुद्रण, आणि इथेच सगळे आपटतात. ५१२ किलोबाइटमध्ये अखंड मोनो आवाज पूर्ण दर्जाने वीसेक सेकंदच मावतो. त्यामुळे सिम्फनी ऑफ द नाइट या खेळाच्या शेवटी येतं तसं गायलेलं गाणं डिस्कवरूनच प्रवाहासारखं वाचावं लागतं. एक्सए फाइलमध्ये आठ स्टिरिओ गाणी एकमेकांत विणलेली असू शकतात: पहिल्या गाण्याचा एक सेक्टर (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा कप्पा), मग दुसऱ्याचा, असं आठव्यापर्यंत, आणि पुन्हा पहिलं. एका सेक्टरमध्ये सेकंदाचा साधारण एकोणिसावा भाग. हे उलगडायला जेपीएसएक्सडेक हा कार्यक्रम वापरा, ते धागे आपोआप वेगळे करतं.

पण त्याआधीची चूक जास्त महागात पडते. डिस्कवरचा सेक्टर २३५२ बाइटचा असतो. साध्या डेटाचे त्यातले २०४८ बाइट कामाचे, एक्सए आवाजाचे मात्र २३२४. तुम्ही कॉम्प्युटरवर डिस्क उघडून फाइल नुसती ओढून कॉपी केली, किंवा साधी आयएसओ (डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवली, तर प्रत्येक सेक्टरमागे २०४८ च येतात आणि कुठला सेक्टर कुठल्या गाण्याचा ही खूणही मागेच राहते. फाइलचा आकार ठीक वाटतो, वाजवली की खरखर. तुम्ही "करप्ट फाइल" म्हणून जे वर्णन केलंय ते मला तंतोतंत हेच वाटतंय. डिस्कची प्रतिमा बिन आणि क्यू अशा जोडीत, कच्च्या सेक्टरांसकट काढा आणि तिच्यावर काम करा. डिस्क तुमचीच आहे हे बरं. स्वतःच्या कानांसाठी काढा, पुढे वाटत-विकत बसू नका, हक्क अजून कंपन्यांकडेच आहेत.

अधिकृत अल्बम विकत घेतला की संच पूर्ण, असंही कुणी सुचवेल. घ्या जरूर, गाण्यांची खरी नावं तिथेच मिळतात. पण अल्बम आणि खेळ ही दोन वेगळी माणसं आहेत. क्रोनो ट्रिगरच्या १९९५ च्या तीन सीडींच्या संचात "सिंगिंग माउंटन" नावाची चाल आहे, सुपर निन्टेंडोवरच्या मूळ खेळात ती कुठेच वाजत नाही. कधी देशागणिक खेळच बदलतो. कॅसलव्हेनिया ३ च्या जपानी कॅसेटमध्ये (१९८९) कोनामीने व्हीआरसी६ नावाची जादा चिप बसवली होती, तिचे तीन आवाज अधिकचे. अमेरिकेतल्या मशीनमध्ये कॅसेटकडून आवाज घ्यायची तशी सोयच नव्हती, म्हणून तिकडे तेच संगीत पाच आवाजांत परत मांडावं लागलं. दोन्ही काढा, दोन फोल्डरांत ठेवा. मला जपानी आवडतं.

शेवटी तुमची ती तक्रार, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: "मूळ एनएसएफ मिळाली, पण लहानपणीसारखी वाटत नाही." कानांवर विश्वास ठेवा, ती नाहीच आहे तशी. मूळ मशीन जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी, सेकंदाला ६० चित्रांची. संगीताची घडीही त्याच ठोक्यावर. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५०. आपल्यासाठी बनवलेल्या नकलांमध्ये स्वरांची उंची जवळपास तीच राहायची, पण ठोका ५० चा. मिनिटभराची चाल ७२ सेकंद चालायची. शिवाय अनेक नकली चिपांमध्ये पल्स आवाजाच्या दोन जाती, २५ टक्के आणि ५० टक्के, एकमेकींच्या जागी बसलेल्या असतात. २५ टक्क्यांचा आवाज नाकातला, धारदार. ५० चा पोकळ, गोल. रचनाकाराने जिथे धार मागितली तिथे आपण गोलवा ऐकला, आणि उलट.

एनएसएफप्लेमध्ये प्रदेश "डेंडी" निवडा, ही अशाच एका गाजलेल्या रशियन नकलेच्या नावावरची सेटिंग आहे, आणि पल्सच्या ड्यूटीची (म्हणजे त्या २५-५० टक्क्यांची) अदलाबदल चालू करा. मेसेनमध्येही दोन्ही पर्याय आहेत. मी जंगलाची चाल अशी काढून बहिणीला पाठवली, सोबत काही न लिहिता. तिचं उत्तर आलं, "मी उभी आहे, गोळी झाडत नाहीये."