‘उभयचर’ काय: जहाज की मोहीम?

अमेरिकी नौदलाच्या ‘ब्लू रिज’ या जहाजाला ‘उभयचर आदेश जहाज’ म्हटलेले वाचून एका वाचकाने विचारले आहे की, हे जहाज बेडकासारखे जमिनीवरही चालते काय, आणि नसल्यास हा शब्द बरोबर कसा. जहाज जमिनीवर चढत नाही. शंका मात्र अगदी रास्त आहे.

‘उभयचर’ म्हणजे दोन्हीकडे संचार करणारा. बेडकाच्या बाबतीत तो संचार बेडूकच करतो. नौदलात हे विशेषण मोहिमेचे आहे: समुद्रमार्गे आणलेले सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे आणि पुढे जमिनीवर लढायचे. या सगळ्याची सूत्रे जेथून हलतात, ते हे जहाज. वृद्धाश्रमातला आश्रम वृद्ध नसतो, हे कोणाला सांगावे लागत नाही, कारण तो रुळलेला सामासिक शब्द आहे. ‘उभयचर’ मात्र सुटे लिहिले की शेजारच्या नामाचे विशेषण होऊन बसते. म्हणून ‘उभयचर मोहिमांची आदेशनौका’ असे लिहावे. शब्द थोडा लांबतो, पण संभ्रम उरत नाही.

फिलाडेल्फियाच्या गोदीत बांधलेली ही नौका १४ नोव्हेंबर १९७० रोजी सेवेत दाखल झाली. एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव शत्रूच्या हाती पडत असताना तेथून माणसे बाहेर काढण्याच्या मोहिमेत ती आदेशनौका होती. दक्षिण व्हिएतनामची हेलिकॉप्टरे माणसांनी भरून येत, नौकेवर उतरत, आणि पुढच्या हेलिकॉप्टरला जागा व्हावी म्हणून रिकामी झालेली हेलिकॉप्टरे समुद्रात ढकलून द्यावी लागत. जमीन आणि पाणी यांमधली ती जीवघेणी ये-जा माणसांची होती. नौका पाण्यातच उभी होती. ‘उभयचर’ कशाला म्हणावे, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

याच नौकेला ‘ध्वजनौका’ही म्हणतात, पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. १९७१च्या युद्धात अमेरिकेचे जे ‘सातवे आरमार’ आपल्या घराघरांत चर्चेचा विषय झाले, त्याची ही कायमची ध्वजनौका झाली ती १९७९ मध्ये, जपानमधील योकोसुका या तळावर. येथला ध्वज राष्ट्राचा नव्हे, आरमारप्रमुखाचा. तो प्रमुख दुसऱ्या जहाजावर गेला, तर ध्वजाबरोबर ‘ध्वजनौका’ हा शब्दही तिकडे जातो. ‘आदेशनौका’ हा बांधणीचा प्रकार असल्याने तो मात्र तिच्याकडेच राहतो.