चार सेकंद मिळतील, आधी सगळे लॅप पूर्ण कर

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. पुण्याहून जुनी मारुती एस्टीम गाडी घेऊन पहिल्या रेसला चेन्नईला जाताना सोबत काय न्यावं, सरावाच्या दिवशी पुढच्या गाड्यांपेक्षा लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, चार सेकंद मागे पडलास ते कसे भरून काढायचे, आणि घरी अजून सांगितलेलं नाही, ते तसंच ठेवलं तर चालेल का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. नोंदणीच्या फॉर्मवर आणीबाणीत कोणाला कळवायचं, असा रकाना असतो. तिथे मित्राचं नाव घालून मोकळी होणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या रकान्यात वडिलांचं नाव घालायचं आणि त्यांना त्याचा पत्ताच नसायचा, हे बरोबर नाही. सांग, आणि येत असतील तर सोबतच ने.

माझे वडील पहिल्या रेसला आले होते. रेसिंगमधलं त्यांना काही कळत नव्हतं. आयुष्यभर शेती केली, विहिरीवरचं ऑइल इंजिन स्वतः खोललं आणि जोडलं. दिवसभर ते पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवून दुरुस्त करतात त्या जागेच्या, भिंतीशी उभे राहून माझ्या प्रत्येक लॅपची वेळ वहीत लिहीत होते. संध्याकाळी वही बघितली तर प्रत्येक वेळेपुढे एक शेरा होता. बहुतेक ठिकाणी ‘आवाज दोनदा तुटला’, काही ठिकाणी ‘एकदाच तुटला’. जिथे एकदाच तुटला होता ते माझे सगळ्यात जलद लॅप होते.

तुझे चार सेकंद त्या शेऱ्यात आहेत. पाय उचलला की इंजिनाचा आवाज तुटतो. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर लांब सरळ रस्ता संपला की सी-वन हे वेगवान उजवं वळण येतं. नवीन माणूस घाबरून खूप आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, मग जरा धीर आला की पुन्हा दाबतो आणि वळणाच्या मध्यावर परत घाबरून सोडतो. हे दुसऱ्यांदा सोडणं वाईट. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि एस्टीमसारखी पुढच्या चाकांवर चालणारी गाडीसुद्धा मागून फिरते. सोडायची असेल तर गाडी सरळ असताना, एकदाच आणि हवी तेवढी सोड. मग वळणात पाय स्थिर ठेव. आत शिरताना वेग कमी वाटला तरी चालेल, बाहेर पडताना तुझा पाय आधीपासून दाबलेला असेल आणि तो वेग पुढच्या ब्रेकिंगपर्यंत टिकतो. ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे, बारा वळणं. प्रत्येक वळणात पाव सेकंद धरलास तरी तीन सेकंद होतात.

दुसरी सवय स्टेअरिंगची. गाडी बाहेर सरकायला लागली की हात आपोआप आणखी वळवतात. पुढचे टायर आधीच वळणं, ओढणं आणि ब्रेक अशी तिन्ही कामं करतायत, त्यांना आणखी पिळलं तर ते फक्त तापतात. अशा वेळी स्टेअरिंग थोडं सरळ कर. मनाविरुद्ध वाटेल, पण पकड परत येते. पहिल्या दिवशी डावा पुढचा टायर बाहेरच्या कडेने खाल्लेला दिसला तर समज की तू पिळतोयस.

आता सामान. गाडी ट्रेलरवर किंवा टेम्पोत टाकूनच ने. केज म्हणजे आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा घातलेली, सीट-अस्तर काढून सोललेली गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि वाटेतच क्लच गेला तर रेसही गेली. पुढच्या चाकांची बेअरिंग, एक ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेक पॅडचा जास्तीचा संच, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होजपाइप, टॉर्क पाना, दोन जॅक, जाड ताडपत्री. मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचं लायसन्स आणि वैद्यकीय दाखला एका पाकिटात. हेल्मेट आणि हार्नेसवरचे (रेसच्या सीटबेल्टवरचे) शिक्के घरीच वाचून घे. मुदत संपलेला पट्टा कितीही नवा दिसला तरी स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, अडकतो, आणि अडकायलाच हवा.

ब्रेक ऑइलवर मात्र जास्त बोलतो, कारण मी तिथे मार खाल्ला आहे. गाडी तयार करून घेतली त्या गॅरेजने ऑइल बदललं म्हणून सांगितलं आणि मी तपासलं नाही. पाचव्या लॅपला पेडल थेट तळाला गेलं. गिअर उतरवत, दोनदा पेडल पंप करत कशीबशी मातीत जाऊन थांबलो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-थ्री दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. डॉट-फोरचे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, चाकावर पॅड दाबणारा कॅलिपर दाबला जात नाही. म्हणून सीलबंद डबा विकत घे, शुक्रवारी स्वतः चारही चाकांचं ऑइल काढून नवं भर, आणि शनिवारी रात्री पुन्हा एकदा हवा काढ. आदल्या महिन्यात उघडलेला अर्धा डबा वापरू नकोस.

उन्हाचं गणितही वेगळं आहे. ओव्हरऑल, हेल्मेटखालची कापडी टोपी (बालाक्लाव्हा), हातमोजे, एसी नाही, आणि समुद्राजवळची दमट हवा. सकाळपासून मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. तहान लागली म्हणून प्यायलास तर उशीर झालेला असतो. दुपारच्या रेसमधले बरेचसे मूर्खपणाचे अपघात मला तहानेमुळे झालेले वाटतात.

रेसच्या सुरुवातीला दिवे विझले की सगळे एकाच वळणावर जाऊन पडतात. तिथे दोन जागा गेल्या तर जाऊ दे. ताशी १२० वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, त्यामुळे समोरच्याच्या बंपरकडे बघत राहिलास तर तो ब्रेक मारतो तेव्हाच तुला कळतं. त्याच्या काचेतून पलीकडे बघ, त्याच्याही पुढच्या गाडीकडे. आणि नजर मार्शल पोस्टवर, म्हणजे कडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसांच्या ठाण्यांवर. पिवळा झेंडा हलत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोड, ओव्हरटेक नाही. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा असेल तर रस्त्यावर तेल किंवा माती आहे. निळा दिसला तर मागून जलद गाडी येतेय, आपली लाइन न सोडता आरशात बघ आणि तिला जाऊ दे. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुझा नंबर असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय, पिटमध्ये ये. मी झेंडे मुलीकडून घोकून घेतले होते, ती कागदाचे रंगीत तुकडे दाखवायची आणि मी ओरडून उत्तर द्यायचो. तूही कुणाकडून तरी करून घे.

हे मार्शल उन्हात दिवसभर उभे असतात. झेंडा पडल्यावर परतीच्या लॅपला काच खाली असेल तर प्रत्येक पोस्टला हात कर. तो ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये उभा केला. त्याआधी ही मंडळी शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर रेस भरवायची. आपण महाराष्ट्रातून इतक्या लांब जाऊन गाडी पळवू शकतो ते या हौशी लोकांमुळे. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

रेस संपल्यावर रात्रीच परत निघू नकोस. ट्रेलर ओढत अकराशेच्या वर किलोमीटर थकलेल्या डोळ्यांनी नको. सकाळी निघ. जाताना राष्ट्रीय महामार्ग ४८ ने येशील, तो कात्रजवरून थेट श्रीपेरुंबुदूरला जातो, मध्ये कोल्हापूर लागतंच. माझ्याकडे एस्टीमचं पुढच्या चाकाचं एक न वापरलेलं बेअरिंग आणि एक ड्राइव्ह शाफ्ट पडून आहे. निघण्याच्या दोन दिवस आधी कळव, मी कोल्हापूरला हायवेवर आणून देतो. आणि एक जाड कोरी वही घेऊन ये, वडील येणार असतील तर लागेल.