पुरेल एवढं दे, नाहीतर देऊ नकोस

चि. मुला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दोनदा वाचलं. कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्यात लागून तुला वर्ष झालं नाही आणि अनुदानाच्या शिफारशींचा तक्ता तुझ्या टेबलावर येऊन पडलाय. २६ संस्थांचे अर्ज, मागणी हातातल्या रकमेच्या सातपट. आणि तू विचारतोस, "काकू, सगळेच चांगलं काम करतात, मग सगळ्यांना थोडं थोडं देणंच न्याय्य नाही का?"

नाही. ते न्याय्य नाही, सोयीचं आहे. तुझ्यासाठी सोयीचं, समितीसाठी सोयीचं, मेयरसाठी तर फारच सोयीचं.

आकडा मांडून बघ. तुझ्या शहराला सीडीबीजीचे, म्हणजे अमेरिकेचं केंद्र सरकार शहरांना देतं त्या विकास अनुदानाचे, साधारण १० लाख डॉलर येतात. त्यातले या संस्था देतात तशा सार्वजनिक सेवांना जास्तीत जास्त १५ टक्के देता येतात, म्हणजे दीड लाख. त्याचे २६ वाटे केलेस की प्रत्येकाच्या हातात पावणेसहा हजार. एका समुपदेशकाचा पगार आणि त्याचा आरोग्यविमा धरला तर त्यात महिना-सव्वा महिना निघेल. आणि तेवढ्यासाठी त्या संस्थेने काय काय करायचं? करारनामा, विम्याचं प्रमाणपत्र, केंद्र सरकारकडची नोंदणी, येणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाचा पुरावा, तिमाही अहवाल, आणि तू फाईल तपासायला जाशील तेव्हा कपाटं उघडून दाखवणं. रक्कम लहान म्हणून वॉशिंग्टनचा कागद लहान होत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद असा वाटतात, द्रोणात चमचाभर शिरा, कुणी रिकाम्या हाताने जाता कामा नये. तिथे ते शोभतं, कारण तिथे कुणी पोट भरायला आलेलं नसतं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. पुरेल एवढं दे, नाहीतर देऊ नकोस.

तू नगररचना शिकून आलास, हे अनुदान सुरू करणारा १९७४ चा कायदा तुला मी शिकवायला नको. पण परीक्षेसाठी वाचलेलं आणि टेबलावर बसून कळलेलं यांत फरक असतो. त्याआधी अर्बन रिन्यूअल, मॉडेल सिटीज अशा वेगवेगळ्या योजना होत्या, कशावर किती खर्च करायचा ते वॉशिंग्टनमध्ये ठरायचं. ऑगस्ट १९७४ मध्ये प्रेसिडेंट फोर्डनी सही केली आणि त्या सगळ्याचा एक गठ्ठा करून तो शहरांच्या हवाली केला: पैसे सूत्राने येतील, निवड तुम्ही करा. अट एवढीच की निदान ७० टक्के खर्च कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावा. निवड करणं हाच त्या कायद्याचा गाभा आहे. सगळ्यांना सारखं वाटणारं शहर निवड करतच नाही. कायद्याने हातात दिलेलं काम ते गुपचूप परत ठेवून देतं, आणि वर त्याला समतोल म्हणतं!

आता त्या १५ टक्क्यांचं थोडा वेळ सोड. सगळी भांडणं तिथेच होतात, कारण माणसं तिथेच येऊन बसतात. २० टक्क्यांपर्यंत नियोजन आणि प्रशासनाला जातात, त्यात तुझा पगारही आला. उरलेल्या ६५ कडे कुणी बघत नाही. तू तरी बघितलंस का? तुझं शहर ओहायोतलं, जुनं, कारखाने गेलेलं. तुम्हाला रक्कम मिळते ती दोन सूत्रांपैकी दुसऱ्या सूत्राने. त्यात १९४० पूर्वीच्या घरांना ५० टक्के वजन, गरिबीला ३०, आणि लोकसंख्यावाढीत मागे पडण्याला २०. म्हणजे हा पैसा तुमच्याकडे येतो तो मुख्यतः त्या गळक्या छपरांच्या, खिडक्यांना शिशाचा विषारी रंग असलेल्या घरांमुळे. (याच सूत्रामुळे कनेटिकटमधल्या ग्रीनिचसारख्या गर्भश्रीमंत गावालाही काही लाख मिळतात. जुन्या घरात कोण राहतं हे सूत्र विचारत नाही. असो.) मग त्या घरांच्या दुरुस्तीला गेल्या वर्षी किती ठेवले होते? तूच पाठवलेल्या तक्त्यात बघ. फुटपाथला त्याच्या तिप्पट आहेत.

फुटपाथ का, ते सांगते. तुमचं कार्यक्रम-वर्ष १ जुलैला सुरू होतं. ते संपायच्या साठ दिवस आधी, म्हणजे २ मेला, 'हड', म्हणजे हे अनुदान देणारं केंद्राचं गृहनिर्माण खातं, बघतं की न वापरलेली रक्कम वर्षाच्या अनुदानाच्या दीडपटीपेक्षा जास्त तर नाही. जास्त असेल तर शहर रडारवर येतं आणि पुढचं अनुदान कापलं जाऊ शकतं. घरदुरुस्तीला वेळ लागतो. मालकाची कागदपत्रं, पर्यावरण तपासणी, शिशाची चाचणी, आणि शिशाचं काम येणारा ठेकेदार तर मिळता मिळत नाही. फुटपाथला यातलं फारसं काही लागत नाही. ज्या भागात ५१ टक्के रहिवासी कमी-मध्यम उत्पन्नाचे आहेत तो नकाशावर शोधायचा, काँक्रीट ओतायचं, बिल लावायचं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सार्वजनिक बांधकामवाले तुझ्याकडे हसत हसत येतील. ते फुटपाथ शहराला स्वतःच्या करातून करता आले असते. तेव्हा दुरुस्तीचे अर्ज ऑक्टोबरातच तपासून तयार ठेव, म्हणजे मार्चमध्ये तुझ्याकडे काँक्रीटखेरीज दुसरं काहीतरी असेल.

आणि दुरुस्तीतही तेच. एका घरामागे २५ हजारांच्या वर खर्च गेला की शिशाचा धोका कायमचा काढून टाकावा लागतो, त्याच्या खाली असेल तर तात्पुरत्या उपायांवर भागतं. म्हणून २४ हजार ९०० ला थांबणारी शहरं मी पाहिली आहेत. छप्पर झालं, खिडक्या राहिल्या, त्या खिडकीखाली रांगणारं पोर तसंच राहिलं. अहवालात मात्र 'एक घर पूर्ण'. चाळीस घरांना मलमपट्टी करण्यापेक्षा बारा घरं धड कर. पुरेल एवढं दे, नाहीतर देऊ नकोस.

तू म्हणशील, काकू, तुमच्या शहरात तुम्ही काय केलंत? केलं. न्यू जर्सीतल्या आमच्या शहरात एका वर्षी मी १९ संस्थांची यादी सहावर आणायची शिफारस केली. सगळ्यात मोठी रक्कम घरातून काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंना वकील देणाऱ्या संस्थेला, एका वकिलाचा पूर्ण वर्षाचा पगार निघेल एवढी. वगळलेल्यांत ज्येष्ठ नागरिकांचा एक गट होता. आपल्याच लोकांचा. दर आठवड्याला भजन, योग, गरम जेवण, वर्षातून दोन सहली. नियमाने तो बसत होता, हे लक्षात घे. ज्येष्ठ, बेघर, तीव्र अपंगत्व असलेले प्रौढ अशा काही गटांना गरजू गृहीत धरलं जातं, एकेकाचं उत्पन्न तपासावं लागत नाही. म्हणूनच ज्येष्ठांचे कार्यक्रम सगळ्यांना आवडतात. कागद कमी आणि फोटो छान! पण त्यातली निम्मी मंडळी मुलांच्या पाच बेडरूमच्या घरातून येत होती, हे मला माहीत होतं, कारण त्या घरांत मी जेवले होते.

सुनावणीला सत्तर लोक आले. त्या शहरात सीडीबीजीच्या सुनावणीला तेवढी गर्दी मी आधी कधी पाहिली नव्हती. आपल्या बायका साड्या नेसून आल्या होत्या. एका नगरसेवकाने भर सभेत मला विचारलं की तुम्हाला स्वतःच्या समाजाची लाज वाटते का. ज्या भाडेकरूंना तो वकील मिळणार होता त्यांच्यातलं कुणीही आलं नव्हतं. संध्याकाळी सातला ते कामावर असतात. जिने तो गट उभा केला ती माझी जवळची मैत्रीण. त्यानंतर ती आमच्याकडे गणपतीला कधी आली नाही. मी दरवर्षी फोन करत राहिले. याची हळहळ अजून आहे, ती काही गेली नाही. पण निर्णय बरोबर होता. त्या वर्षी त्या वकिलाने जी कुटुंबं घरात राखली, त्यांची यादी अजून माझ्याकडे आहे. ती मी तुला दाखवणार नाही, आणि मला ती अजून अधूनमधून का काढून बघावी लागते हेही विचारू नकोस.

दोन वर्षांनी मेयर बदलला आणि यादी परत १९ वर गेली. किमान रकमेचा लेखी नियम करायला कौन्सिल तयार नव्हतं. तेव्हा तू हे आधी कर. अर्ज मागवण्याच्या जाहिरातीतच लिही: अमुक रकमेखाली अनुदान दिलं जाणार नाही. अनेक शहरांनी अशी अट घातलेली आहे, तू काही जगावेगळं मागत नाहीस. शिवाय निवड दोन वर्षांसाठी कर. संस्थेला माणूस नेमायला धीर येईल, आणि नगरसेवकांचे फोन निम्मे होतील.

तुझ्या पत्रातला एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर माझी झोप पूर्वी उडालेली आहे. मोठ्या रकमा दिल्या की त्या मोठ्या संस्थांनाच जातात. त्यांच्याकडे अर्ज लिहायला पगारी माणूस असतो. चर्चच्या तळघरात धान्य वाटणारी बाई मागे राहते. कबूल. पण तिला पावणेसहा हजार आणि फेडरल नियमांचं ओझं देऊन तू तिचं भलं करत नाहीस. पुढच्या तपासणीत तिच्याच पावत्या अपुऱ्या निघतील आणि पैसे परत मागायची वेळ तुझ्यावर येईल. तिच्यासाठी शहराच्या स्वतःच्या तिजोरीतून छोटी रक्कम माग, जिला वॉशिंग्टनचे नियम चिकटलेले नाहीत. आणि दरवर्षी एका तरी छोट्या संस्थेला पूर्ण रक्कम दे, सोबत हिशेबनीसही दे. एकीला. सहा जणींना नव्हे.

लोकांना नाही म्हणायचं टाळलं की काय होतं त्याचं एक मोठं उदाहरण न्यूयॉर्कशेजारचं वेस्टचेस्टर. परवडणारी घरं नको म्हणणाऱ्या श्रीमंत गावांना काउंटीने दुखावलं नाही. दरवर्षी मात्र हमीपत्रावर सही होत राहिली की आम्ही घरांच्या बाबतीतला भेदभाव दूर करायला झटतोय, आणि अनुदान येत राहिलं. एका संस्थेने दावा लावला, कोर्टाने त्या हमी खोट्या ठरवल्या, आणि २००९ मध्ये सव्वासहा कोटी डॉलरच्या तडजोडीत ७५० घरं बांधायचं कबूल करावं लागलं. तुझा मेयरही दरवर्षी तशाच हमीपत्रावर सही करतो. तो कागद तू तयार करतोस.

मार्च २०१७ मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट संचालकाने टीव्हीसमोर सांगितलं की या कार्यक्रमाचे परिणाम दिसत नाहीत, बंद करा. मी तेव्हा खूप चिडले. काँग्रेसने तो वाचवला, त्यानंतरही बंद करायचे प्रस्ताव येत राहिले आहेत. शतकाच्या सुरुवातीला देशभरासाठी ४ अब्ज डॉलरच्या वर असलेली रक्कम आता ३.३ अब्जांच्या आसपास आहे, महागाई न धरता. पण चिडून झाल्यावर मी आमचाच वर्षअखेरचा अहवाल उघडला. १९ संस्था, प्रत्येकीपुढे 'सेवा दिलेल्या व्यक्ती' म्हणून फुगलेला आकडा. एका वेळच्या जेवणाची एक व्यक्ती आणि वर्षभर घर राखलेली एक व्यक्ती, दोन्ही तिथे एकच. त्या संचालकाला काय दाखवणार होतो आपण?

मी फार बोलले. आता कामाचं. तक्त्यात एक रकाना वाढव. संस्थेने किती मागितले ते आहेच, त्याच्या शेजारी लिही: हे काम या शहरात एक वर्ष पूर्ण करायला खरे किती लागतात आणि बाकीचे कुठून येणार आहेत. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांना शेवटी ठेव. ज्यांना नाही म्हणशील त्यांना कारण लेखी दे, गुणांसकट, आणि समितीच्या बैठकीच्या आधी दे. वर्तमानपत्रातून कळायला नको. दुसरी सुनावणी सिटी हॉलमध्ये ठेवू नकोस. शनिवारी सकाळी, बसच्या रस्त्यावरच्या एखाद्या शाळेत ठेव, मुलं सांभाळायची सोय कर, दुभाषी बोलाव.

२६ मधली कुठली सहा ठेवलीस ते बुधवारपर्यंत कळव. सात असतील तरी चालतील. आठ असतील तर फोन कर, आपण भांडू.

तुझी
काकू