कामापुरती जर्मन पुरत नाही

बेळगावच्या उद्यमबागेतील नोकरी सोडून तुम्ही ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्यावर, सपत्नीक जर्मनीला येत आहात आणि कार्यालयात इंग्रजी चालणार असताना जर्मन शिकण्यात वर्षभर का घालवावे, असे विचारता. मीही मूळचा बेळगावातल्या शहापूरचा असून गेली अकरा वर्षे स्टुटगार्टजवळ राहतो आहे. माझे उत्तर असे की जर्मन शिकावीच, आणि बोलण्याइतकीच वाचायलाही शिकावी.

बेळगावात असताना मला कन्नड येते असे मी समजत असे, कारण खडेबाजारात भाव करण्यापासून बसमधल्या गप्पांपर्यंत माझे कुठे अडत नव्हते. मात्र शेताचा कन्नडमधला उतारा हाती आला की तो वाचून घेण्यासाठी मला शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागे. तीच चूक मी इथे पुन्हा केली. पहिली दोन वर्षे कार्यालयात इंग्रजीवर निभावले, पण इथला सारा व्यवहार टपालाने येणाऱ्या पत्रांवर चालतो. विमा, कर, घरभाडे, मुलांची शाळा, सगळे जर्मनमध्येच. एका विमा कंपनीचे पत्र जाहिरात समजून मी बाजूला ठेवले, मुदत टळली आणि दंडासह दुसरे पत्र आले. पैशांपेक्षा, शिकलेला माणूस असूनही स्वतःच्या नावाचे पत्र आपल्याला वाचता येत नाही, हे मला फार लागले.

व्याकरणाला मात्र घाबरू नका. डेर ल्योफेल म्हणजे तो चमचा, डी गाबेल म्हणजे काटा, पण स्त्रीलिंगी, आणि दास मेसर म्हणजे सुरी, पण नपुंसकलिंगी. इंग्रजीतून येणारा माणूस इथे गोंधळतो, पण तो दगड, ती नदी, ते झाड असे बोलत वाढलेल्याला निर्जीव वस्तूंच्या तीन लिंगांचे नवल वाटत नाही, फक्त प्रत्येक शब्दाचे लिंग नव्याने पाठ करावे लागते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही मराठी-कन्नड बोलणाऱ्याला ओळखीचेच आहे. अनोळखी माणसाला ‘झी’ आणि जवळच्याला ‘डू’ म्हणायचे, हा तुम्ही-तूचाच भेद आहे.

ब्लू कार्डधारकाला कायम निवासाचा परवाना ए-१ या अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी आणि बी-१ या मधल्या पातळीवर २१ महिन्यांनी मागता येतो. नागरिकत्वासाठीही साधारणपणे बी-१ लागते. म्हणून ए-१ आणि ए-२ या दोन पातळ्या बेळगावात असतानाच पूर्ण करा. पुण्यात जर्मन शिकवणारे मॅक्समुल्लर भवन आहे, आणि प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग आहेत.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, म्हणून मीच लिहितो. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि या सवलतीमुळेच अनेक घरांत तिचे शिकणे मागे पडते. तुम्हाला दिवसभर सहकारी भेटतील. तिला डॉक्टर, दुकानदार, शेजारीण यांच्याशी पहिल्या आठवड्यापासून एकटीनेच बोलावे लागेल. तेव्हा वर्गात नाव घालताना दोघांचेही घाला, आणि एकाच्याच फीची सोय होत असेल, तर आधी तिचे घाला.