क्योटोचं विद्यापीठ 'शाही' की 'साम्राज्य'?

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांच्यावरच्या इंग्रजी मजकुराचा अनुवाद करताना 'क्योटो इम्पीरियल युनिव्हर्सिटी'ला 'शाही विद्यापीठ' म्हणावं का? आणि त्यातलं 'थर्ड हायस्कूल' म्हणजे काय?

'शाही' टाळावं. मूळ जपानी नाव 'तेइकोकु दाइगाकु'. तेइ म्हणजे सम्राट, कोकु म्हणजे देश. दोन्ही मिळून साम्राज्य. दाइगाकु म्हणजे विद्यापीठ. मराठीत 'शाही' म्हटलं की शाही स्नान आठवतं, शाही मेजवानी आठवते, आणि ही राजवाड्याच्या आश्रयावर चालणारी संस्था असावी असं वाटतं. क्योटोच्या बाबतीत ही दिशाभूल जास्तच होते, कारण ७९४ पासून सम्राटांची राजधानी तिथेच होती. पण १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले ते गेलेच. विद्यापीठ निघालं १८९७ मध्ये. मधल्या काळात शहरानं आपलं आपण सावरून घेतलं. १८६९ मध्येच वस्त्यावस्त्यांनी ६४ प्राथमिक शाळा काढल्या. १८९० मध्ये बिवा सरोवराचं पाणी कालव्यानं शहरात आलं, पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर केआगे इथे वीज तयार होऊ लागली आणि १८९५ मध्ये विजेची ट्राम धावली. विद्यापीठ मात्र केंद्र सरकारचं होतं. १८८६ च्या ज्या आदेशानं टोकियोत असं पहिलं विद्यापीठ उभं राहिलं, त्यात राष्ट्राच्या गरजेच्या विद्या शिकवणं हाच उद्देश लिहिलेला आहे. म्हणून 'क्योटो साम्राज्य विद्यापीठ'. कानाला जड आहे, पण अर्थ चुकत नाही. ('राजकीय विद्यापीठ' तर नकोच!)

हे नाव १८९७ ते १९४७ एवढ्याच काळासाठी. १९४७ मध्ये 'तेइकोकु' गळालं, तेव्हापासून नुसतं 'क्योटो विद्यापीठ'. म्हणजे युकावा १९२९ मध्ये पदवीधर झाले ते साम्राज्य विद्यापीठाचे. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते क्योटो विद्यापीठात प्राध्यापक होते. मेसॉन या सूक्ष्म कणावरचा १९३५ चा शोधनिबंध मात्र ओसाका साम्राज्य विद्यापीठात असतानाचा आहे, तो क्योटोच्या खात्यावर जाऊ देऊ नका.

जुन्या मजकुरात आणखी एक खाचखळगा आहे. १९१९ पर्यंत विद्यापीठाच्या शाखांनाही 'दाइगाकु'च म्हणत. १८९७ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीचं दाइगाकु, १८९९ मध्ये विधी आणि वैद्यक, १९०६ मध्ये साहित्य. ही वेगळी विद्यापीठं नव्हेत. 'विद्याशाखा' असंच लिहावं.

'थर्ड हायस्कूल'चं भाषांतर 'तिसरी माध्यमिक शाळा' केलंत तर घोटाळा होईल. युद्धपूर्व जपानमधलं 'कोतोगाक्को' म्हणजे विद्यापीठात शिरण्याआधीचा साधारण तीन वर्षांचा टप्पा, आपल्याकडच्या जुन्या इंटरच्या जवळपासचा. 'तृतीय उच्च विद्यालय' लिहावं आणि पहिल्या उल्लेखाला 'विद्यापीठपूर्व' जोडावं. ही संस्था विद्यापीठाहून जुनी. तिचं मूळ ओसाकातल्या १८६९ च्या रसायनशाळेत. १८८९ मध्ये ती क्योटोच्या योशिदा भागात आली. विद्यापीठ निघालं तेव्हा तिच्या इमारती त्याला मिळाल्या आणि ती रस्त्यापलीकडे, दक्षिणेला सरकली. १९४९ मध्ये ती विद्यापीठातच विलीन झाली.

'क्योदाइ' हा शब्द दिसला तर संदर्भ बघा. तो क्योटो दाइगाकुचा संक्षेप असू शकतो, पण 'भावंडं' या अर्थाच्या शब्दाचाही उच्चार तोच. जपानी लिपीत फरक उघड दिसतो, रोमनमध्ये दोन्ही सारखेच.