वाचकांचे प्रश्न : जुना फॉन्ट आणि भाषांतराची परवानगी

प्रश्न : आम्ही काही शिक्षकांनी आठवीच्या विज्ञानाच्या कृतिपत्रिका तयार करून 'सीसी बीवाय-एसए' या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (श्रेय देऊन वापरा, बदला, पण बदललेलं त्याच परवान्याने वाटा) सर्वांना खुल्या केल्या. पण इतर शाळांत फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये झालं आहे. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?

उत्तर : नाही, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण कोडमध्ये, बदलणारे कन्व्हर्टर असतात. पण नुसत्या कन्व्हर्टरवर भिस्त ठेवूनही चालणार नाही. जुन्या फॉन्टच्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मराठी गायब. असा मजकूर शोधता येत नाही, सुधारता येत नाही. मग परवान्याने दिलेला बदल करण्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून ही मेहनत घ्याच.

मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा. फॉन्टचं नेमकं नाव बघा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख या प्रत्येकाची कोडजुळणी वेगळी आहे. आधी एकच पान करून पाहा. रासायनिक सूत्रं, एककं आणि इंग्रजी शब्द कन्व्हर्टरमध्ये घालू नका, त्यांचीही देवनागरी खिचडी होते.

मग तपासणी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. कन्व्हर्टरने क्रम नीट बदलला नाही, तर 'विज्ञान'चं 'िवज्ञान' आणि 'वर्ग'चं 'वगर्' होतं. पहिली चूक पकडायला शोधचौकटीत स्पेस आणि लगेच पहिली वेलांटी टाका. सर्वांत फसवी चूक मात्र आपल्या मराठी 'ऱ्य'ची. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर डोंगराच्या पाठात समुद्र येतो, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने स्पेलचेकला काही कळत नाही. 'र्य' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. 'सूर्य', 'कार्य' तसेच राहू द्या.

शेवटी मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी लावून फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. छपाईसाठी पीडीएफ द्या, पण सोबत बदल करता येणारी डीओसीएक्स किंवा ओडीटी फाइलही द्या. नुसती पीडीएफ दिली तर पुढच्या शिक्षकाला त्यात एक प्रश्नसुद्धा सहज बदलता येत नाही.

प्रश्न : एका इंग्रजी पाठमालेवर 'सीसी बीवाय-एनसी-एनडी ४.०' लिहिलं आहे. पैसे न घेता मराठी भाषांतर वाटलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. अडचण पैशांची, म्हणजे 'एनसी'ची (व्यावसायिक वापर नको) नाही, 'एनडी'ची (बदललेली कृती वाटू नका) आहे. भाषांतर हा मूळ कृतीतला बदलच मानला जातो. या परवान्यात तो स्वतःपुरता करता येतो, वाटता येत नाही. हक्कधारकाकडून लेखी परवानगी मागा. ती मिळेपर्यंत 'बीवाय' (फक्त श्रेय द्या) किंवा 'बीवाय-एसए' साहित्य घ्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या 'सीसी बीवाय ४.०' गोष्टी भाषांतरासाठी खुल्या आहेत. 'एसए' असेल तर तुमचं भाषांतरही त्याच परवान्याने द्यावं लागतं. पहिल्याच पानावर मूळ शीर्षक, लेखक, दुवा, परवाना आणि 'मराठी भाषांतर' ही नोंद छापा. शेवटच्या पानावर टाकली तर झेरॉक्स काढताना नेमकं तेच पान गळतं.